सीएनसी राउटरचं कॅलिब्रेशन आणि स्पीड मोजणी: आकडा सगळ्यात शेवटी बदलायचा

१०० एमएमचा चौकोन कापला, व्हर्नियर लावला, ९९.७ आला. इथून पुढे जे केलं जातं तेच चुकतं. बहुतेक जण सरळ सॉफ्टवेअर उघडतात, स्टेप्स पर एमएमचा आकडा (एक एमएम सरकायला मोटरला किती पल्स द्यायच्या तो) जरासा वाढवतात, परत कापतात, १०० आला की खूश. मग त्याच मशीनवर ३०० चा पार्ट काढला की ३००.६ येतो आणि २० चा काढला की १९.७६, आणि मग डोकं धरून बसायचं. कारण आकडा मुळात बरोबरच होता, अ‍ॅक्सिसला स्क्रूवरून सरकवणारा नट सैल होता. सैल नटाची चूक आकड्यात लपवली की एका मापाला बरोबर येतं आणि बाकी सगळी मापं बिघडतात.

म्हणून क्रम असा: आधी मेकॅनिकल, मग काटकोन, मग बॅकलॅश (दिशा बदलताना फुकट जाणारी हालचाल), मग स्टेप्स, मग फीडचा स्पीड (कापताना मशीन सरकतं तो वेग), मग स्पिंडलचा (बिट फिरवणाऱ्या मोटरचा) आरपीएम, आणि कापून बघायचं ते सगळ्यात शेवटी. मधली पायरी गाळली की पुढचं प्रत्येक माप संशयास्पद. खालची सेटिंगची उदाहरणं जीआरबीएलची (मशीन चालवणारं कंट्रोलरचं सॉफ्टवेअर) दिली आहेत, मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी असेल तर नावं वेगळी, हिशोब तोच.

तयारी

०.०१ एमएमचा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, ०.०२ चा व्हर्नियर, निदान ३०० एमएमची चांगली स्टीलची पट्टी, एक भिंग, आरपीएमसाठी ऑप्टिकल टॅकोमीटर, स्लो मोशन व्हिडिओ घेणारा मोबाईल आणि वही. वही खरंच लागते, दहा आकडे झाले की कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे कुणालाच आठवत नाही. डायल गेज नसेल तर बॅकलॅशच्या भानगडीत पडूच नका, व्हर्नियरने तो नीट मोजता येत नाही.

बेड अ‍ॅल्युमिनियमचा किंवा एमडीएफचा असेल तर मॅग्नेटिक स्टँड चिकटणार नाही, एक जाड लोखंडी पट्टी बेडवर स्क्रूने घट्ट बसवून घ्या. नुसती ठेवलेली पट्टी सरकते, आणि मग आपण मशीनचा नाही, पट्टीचा बॅकलॅश मोजत बसतो.

सध्याची सगळी सेटिंग्ज (जीआरबीएलमध्ये $$ टाईप केलं की यादी येते) आधी कॉपी करून ठेवा. मशीन १५-२० मिनिटं सगळ्या अ‍ॅक्सिसवर पुढे-मागे फिरवून घ्या म्हणजे ग्रीस पसरतं. थंड मशीनवर घेतलेलं माप आणि तासभर चाललेल्या मशीनवरचं माप थोडं वेगळं येतं, कारण स्टील दर मीटरला दर डिग्रीमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियम जवळपास त्याच्या दुप्पट.

सावध: स्पिंडलच्या टप्प्यापर्यंत स्पिंडलची पॉवर बंदच ठेवा. आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू किंवा लावू नका, ड्रायव्हर जागेवर जळतो.

टप्पा १: ढिलेपणा शोधणे

मशीन चालू करून मोटर लॉक होऊ द्या. जीआरबीएलमध्ये $१ ची किंमत २५५ केली की थांबल्यावरही मोटर लॉक राहते. मग स्पिंडलचा माउंट हाताने धरून पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली हलवा. जिथे कट असा आवाज येतो किंवा बोटाला हलल्याचं कळतं तिथे दुसरं बोट लावून बघा, नेमका कुठला भाग कुठल्या भागाच्या तुलनेत हलतोय ते शोधा.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पुलीचा किंवा कपलिंगचा ग्रब स्क्रू. शाफ्टला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू बरोबर त्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. शाफ्टवर आणि कपलिंगवर मार्करने एक सलग रेघ मारून ठेवा, नंतर कधी घसरलं तर रेघ तुटलेली दिसेल, दोन सेकंदात निदान. त्यानंतर व्ही-व्हीलचे एक्सेंट्रिक नट (चाक बोटाने फिरवता आलं पाहिजे पण सहज गरागरा नाही), बेल्टचा ताण, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये पुढे-मागे हालचाल, आणि नटाच्या ब्लॉकचे बोल्ट.

तपासून बघा: पॉवर बंद करून प्रत्येक अ‍ॅक्सिस हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच एका जागी जड लागत असेल तर रेल किंवा स्क्रू समांतर नाहीत. ते तसंच ठेवून पुढे गेलात तर स्पीडच्या टप्प्याला तिथेच स्टेप्स सुटतील.

टप्पा २: काटकोन

बेडवर एक बोर्ड पक्का करा आणि त्यावर बारीक टोकाच्या बिटने चार खुणा करा, ४०० × ३०० च्या आयताच्या चार कोपऱ्यांवर, एक्स बाजू ४००. (हे एवढं एकच काम स्पिंडल चालू करून करायचं.) दोन्ही कर्ण मोजा. ते ५०० च यावेत असं नाही, स्टेप्स अजून जुळवलेल्या नाहीत, पण दोघं सारखे यायला हवेत.

फरक आला तर गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल) तिरकी आहे. ४०० × ३०० च्या आयतात कर्णांमध्ये ०.६ एमएम फरक म्हणजे ४०० च्या लांबीत गॅन्ट्री साधारण ०.५ एमएम तिरकी. गॅन्ट्रीच्या दोन बाजूंच्या स्क्रूमधलं अंतर ८०० असेल तर एका बाजूला १ एमएम सरकवायचं. दोन वाय मोटर असतील तर पॉवर बंद करून एक बाजू हाताने फिरवा, एकच मोटर असेल तर गॅन्ट्रीचे बोल्ट सैल करून. कुठल्या बाजूला हे डोक्यात गोंधळत असेल तर सरळ एकीकडे थोडं सरकवून परत खुणा करा, कर्णांमधला फरक वाढला तर उलटीकडे.

स्पिंडल बेडला काटकोनात आहे का (ट्रॅमिंग) हेही इथेच उरकून घ्या: कोलेटमध्ये (बिट धरणारी पकड) दांडी, दांडीला डायल गेज, हाताने गोल फिरवून चारही दिशांना रीडिंग. स्पॉइलबोर्ड (बेडवर टाकलेला, खराब झाला की बदलायचा बोर्ड) उंचसखल असेल तर जाड काचेचा तुकडा ठेवून त्यावर फिरवा.

टप्पा ३: बॅकलॅश मोजणे

डायल गेज बेडवर, त्याचं टोक स्पिंडलच्या माउंटला अ‍ॅक्सिसच्या अगदी सरळ रेषेत. दहा डिग्री तिरकं लागलं तरी रीडिंगमध्ये दीड टक्का चूक येते, म्हणून वरून आणि बाजूने दोन्हीकडून डोळ्याने बघा.

आता गेजच्या दिशेने १ एमएम पुढे जा, परत ०.१ पुढे जा, म्हणजे सगळा प्ले (ढिलेपणा) एका बाजूला गेला. इथे डायल शून्य करा. आणखी ०.५ पुढे, डायलवर ०.५ दिसायला हवं. आता ०.५ मागे या. डायल ०.०० वर आला तर बॅकलॅश नाही. ०.१२ वर थांबला तर बॅकलॅश ०.१२. तीनदा करा आणि तीन जागी करा, दोन्ही टोकांना आणि मधे, कारण स्क्रू मधेच जास्त झिजतो.

झेडला एक फसवाफसवी असते. स्पिंडलचं वजन नटाला कायम एका बाजूला दाबून ठेवतं, त्यामुळे डायलवर बॅकलॅश शून्य दिसतो, आणि लाकडात बिट घुसवताना खालून रेटा आला की स्पिंडल वर उचलला जातो. म्हणून झेडला डायल लावून स्पिंडल हाताने वर उचलून बघा, तो आकडा खरा.

आता किती चालतो? लाकूडकामाला ०.०५ पर्यंत असेल तर मी हात लावत नाही. त्याच्या वर असेल तर अँटी-बॅकलॅश नट, बेअरिंगचा प्रीलोड, बेल्टचा ताण, जे असेल ते नीट करा. मॅक३ आणि लिनक्ससीएनसीमध्ये सॉफ्टवेअरने भरपाई करायची सोय आहे, मूळ जीआरबीएलमध्ये ती नाहीच. असली तरी माझं मत, ती औषधासारखी शेवटी. भरपाई फक्त दिशा बदलताना जादा स्टेप्स देते, कापताना बिट मटेरियलला ओढतो तेव्हा ढिला नट ढिलाच राहतो.

टप्पा ४: स्टेप्स पर एमएम

आधी कागदावर हिशोब. १.८ डिग्रीची मोटर म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप्स. गुणिले मायक्रोस्टेप (ड्रायव्हर एका स्टेपचे किती तुकडे करतो ते), भागिले एका फेऱ्यात अ‍ॅक्सिस किती एमएम सरकतो ते (स्क्रूला यालाच लीड म्हणतात). १६ मायक्रोस्टेप धरले तर ३२०० पल्स:

- ५ एमएम लीडचा बॉलस्क्रू (१६०५): ३२०० ÷ ५ = ६४०
- टी८ चा नेहमीचा चार स्टार्टवाला स्क्रू, लीड ८: ३२०० ÷ ८ = ४००
- जीटी२ बेल्ट, २० दातांची पुली: ३२०० ÷ ४० = ८०

टी८ ला खूप जण आपटतात. दोन आट्यांमधलं अंतर २ एमएम दिसतं म्हणून २ ने भागतात आणि १६०० टाकतात. आटे चार आहेत, एका फेऱ्यात नट ८ एमएम जातो. खात्री नसेल तर कपलिंगवर खूण करून हाताने बरोबर एक फेरा द्या आणि किती सरकलं ते मोजा.

ड्रायव्हरच्या डिप स्विचचा तक्ता त्याच ड्रायव्हरवर छापलेला वाचा, दुसऱ्या ड्रायव्हरचा चालत नाही. स्विच बदलताना पॉवर बंद.

कागदावरचा आकडा $१००, $१०१, $१०२ मध्ये टाका (एक्स, वाय, झेड) आणि मग मोजा. कोलेटमध्ये टोकदार व्ही-बिट किंवा सुई, बेडवर स्टीलची पट्टी अ‍ॅक्सिसला समांतर. पट्टी थोडी तिरकी असली तर एवढं मनावर घेऊ नका, ३०० मध्ये २ एमएम तिरकी असली तरी चूक ०.००७ एमएम येते. दिशेचं मात्र मनावर घ्या: शून्याच्या खुणेवर ज्या बाजूने आलात त्याच बाजूने पुढच्या खुणेवर यायचं. शून्याच्या ५ एमएम मागे जा, पुढे येऊन भिंगातून खूण जुळवा, तिथे शून्य करा, आणि तिथून ५०, १००, २००, ३०० असं एकाच दिशेने जात प्रत्येक ठिकाणी रीडिंग लिहा.

पट्टीवर डोळ्याने ०.१ च्या आतलं सांगता येत नाही, म्हणूनच लांब अंतर घ्यायचं. ३०० वर ०.१ म्हणजे ०.०३ टक्के. हेच १० एमएमवर मोजलं तर चूक एक टक्का, आणि तो एक टक्का पुढे ३०० च्या पार्टवर ३ एमएम होऊन उगवतो.

आलेल्या आकड्यांकडे नीट बघा, लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

समजा फरक ५० ला ०.२, १०० ला ०.२, ३०० ला पण ०.२ आला. चूक अंतराबरोबर वाढत नाहीये. हा बॅकलॅश आहे किंवा शून्य जुळवताना गडबड झाली. स्टेप्सना हात लावायचा नाही, मागच्या टप्प्यावर परत जा.

समजा १०० ला ०.२, २०० ला ०.४, ३०० ला ०.६ आला. चूक प्रमाणात वाढतेय, म्हणजे स्टेप्सचाच प्रश्न. आता सूत्र: नवीन = जुना × सांगितलेलं अंतर ÷ खरं गेलेलं अंतर. जुना ८०, सांगितलं ३००, गेलं २९९.४, तर ८० × ३०० ÷ २९९.४ = ८०.१६०.

आणि समजा मध्येच कधी जास्त कधी कमी, काही ताळमेळ नाही. मग काहीतरी घसरतंय, टप्पा १ ची मार्करची रेघ बघा.

सावध: बॉलस्क्रूवर एक टक्क्याच्या आसपास दुरुस्ती करावी लागत असेल तर थांबा. चांगला स्क्रू एवढा चुकत नाही, मोजणीतच काहीतरी बिघडलंय. बेल्टवर थोडीफार दुरुस्ती लागते, ताणाने बेल्ट लांबतो. दुप्पट, निम्मं, चौपट असं काही आलं तर तो मायक्रोस्टेपचा स्विच, दुसरं काही नाही.

झेडला पट्टी जमत नाही, तिथे डायल गेज आणि जाडी माहीत असलेला ब्लॉक वापरा. ब्लॉकवर डायल शून्य करा, ब्लॉक काढा, त्याच्या जाडीइतकं खाली या, बेडवर परत शून्य दिसायला हवं. वरून खाली एकाच दिशेने.

टप्पा ५: फीडचा खरा स्पीड

स्क्रीनवर ३००० दिसतंय म्हणजे मशीन ३००० ने चाललंय असं नाही. स्क्रीन कंट्रोलरचा हिशोब दाखवते, तो मोजत काही नाही. स्टेप्स चुकीच्या असतील तर स्पीडही त्याच प्रमाणात चुकीचा असतो, म्हणून हा टप्पा त्यानंतरच.

मोजायच्या आधी दोन गोष्टी बघा. फीड ओव्हरराइड १०० टक्के आहे ना. आणि $११०, $१११, $११२ मध्ये किती आहे: $११० मध्ये २००० असेल आणि प्रोग्राममध्ये एफ५००० लिहिलं तर मशीन गुपचूप २००० नेच चालतं, एरर बिरर काही येत नाही.

आता स्टॉपवॉच घेऊन ५०० एमएम चालवलं आणि भागाकार केला तर चुकीचं येतं, कारण सुरुवातीला वेग वाढवण्यात आणि शेवटी कमी करण्यात वेळ जातो, शिवाय आपलं बोट उशिरा दाबलं जातं. उपाय सोपा आहे, दोन अंतरं घ्या. जी१ ने (कापण्याची चाल) एफ३००० ला आधी १०० एमएम, मग ५०० एमएम, दोन्हीचा स्लो मोशन व्हिडिओ, हलायला लागल्यापासून थांबेपर्यंतची वेळ. मोठ्या वेळेतून छोटी वजा करा. दोन्हीकडे वेग वाढण्या-कमी होण्याचा वेळ तेवढाच, तो उडून जातो आणि राहतो शुद्ध ४०० एमएमचा वेळ. ३००० म्हणजे सेकंदाला ५० एमएम, तेव्हा फरक ८ सेकंद यायला हवा. ८.८ आला तर खरा स्पीड मिनिटाला २७२७ आहे.

जी० ने (न कापता जाण्याची झटपट चाल) हे मोजू नका, तो एफ बघतच नाही.

छोट्या हालचालींचं गणित वेगळं असतं. अ‍ॅक्सिलरेशन ($१२० पासून पुढे) २०० असेल तर ३००० चा वेग गाठायला ६.२५ एमएम आणि थांबायला तेवढेच लागतात. ६००० ला २५ अधिक २५. म्हणजे १० एमएमच्या अक्षरांच्या कोरीवकामात एफ६००० लिहून काही उपयोग नाही, मशीन तिथपर्यंत पोचतच नाही, आणि सॉफ्टवेअरने वीस मिनिटं सांगितलेला जॉब तासभर चालतो तो यामुळेच.

टप्पा ६: कमाल स्पीड किती ठेवायचा

आधी कंट्रोलरची मर्यादा. आर्डुइनो उनोवरचा जीआरबीएल सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतो. ६४० स्टेप्सला भागलं तर सेकंदाला ४६.९ एमएम, म्हणजे मिनिटाला २८०० च्या आसपास. त्यापुढे आकडा टाकून फायदा नाही. मायक्रोस्टेप ३२ केले की ही मर्यादा निम्मी होते, गुळगुळीत चालीच्या हौसेपायी स्पीड जातो तो असा.

मग प्रत्यक्ष चाचणी. डायल गेजवर एक जागा शून्य करा, $११० मध्ये १००० पासून सुरू करून ५०० ने वाढवत जा, प्रत्येक वेळी लांब फेऱ्या आणि झटपट छोट्या फेऱ्या दोन्ही, शेवटी परत डायलपाशी हळू या. जिथे डायल शून्यावर येत नाही किंवा मोटर किंचाळून थांबते तो वेग लिहा आणि त्याच्या ७० टक्के ठेवा. कापताना बिटाचा भार येणारच आहे. नंतर अ‍ॅक्सिलरेशनही याच पद्धतीने. दोन्ही एकदम वाढवू नका, काय बिघडलं ते कळत नाही.

डायल किती चुकला यावरूनही बरंच कळतं. मोटर अडखळली की ती चार पूर्ण स्टेप्सच्या पटीत मागे पडते. ५ एमएम लीडला हे ०.१ एमएम, २० दातांच्या जीटी२ पुलीला ०.८. त्या पटीत चूक येत असेल तर स्पीड किंवा अ‍ॅक्सिलरेशन जास्त आहे. पण चूक अगदी बारीक असेल आणि प्रत्येक दिशाबदलाला थोडी थोडी साचत एकाच बाजूला वाढत असेल तर मोटर निर्दोष आहे, पल्सची वेळ ($०) किंवा सिग्नलची वायरिंग बघा.

टप्पा ७: स्पिंडलचा आरपीएम

सावध: व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) उघडायचा असेल तर पॉवर काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. टॅकोमीटर धरताना गॉगल घाला, सैल बाही आणि हातमोजे नकोत.

कोलेटमध्ये छोटी दांडी घट्ट बसवा, नटाला काळा मार्कर फासा आणि परावर्तक टेपचा एकच छोटा तुकडा चिकटवा. दोन तुकडे लावले तर आरपीएम दुप्पट दिसेल. चकाकणारा नट काळा न करता मोजला तर त्याची प्रत्येक कड परत प्रकाश फेकते आणि भलतेच आकडे येतात. ५० हर्ट्झवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली टॅकोमीटर स्पिंडल बंद असतानाही ६००० दाखवू शकतो, म्हणून आधी बंद स्पिंडलवर धरून बघा, काहीच यायला नको.

आता ८०००, १२०००, १८००० ला मोजा आणि प्रत्येक वेळी वेग स्थिर व्हायला पाच-दहा सेकंद द्या. दोन पोलच्या स्पिंडलला हर्ट्झ गुणिले ६० म्हणजे आरपीएम, ४०० हर्ट्झला २४०००. चार पोलचा असेल तर निम्मा. व्हीएफडीच्या डिस्प्लेवरचा आरपीएम हा फ्रिक्वेन्सीवरून काढलेला असतो, मोजलेला नाही, इंडक्शन मोटर त्याच्या थोडी मागेच असते. शंभर-दोनशेचा फरक सोडून द्या. तिन्ही ठिकाणी एकाच प्रमाणात मोठा फरक असेल तर $३० ची किंमत स्पिंडलच्या खऱ्या कमाल आरपीएमशी जुळत नाहीये. वर बरोबर आणि खाली चुकत असेल तर $३१ आणि व्हीएफडीची किमान फ्रिक्वेन्सी बघा.

हे सगळं कशासाठी, तर चिपलोडसाठी, म्हणजे बिटाची एक धार एका वेळी किती मटेरियल कापते ते. चिपलोड = फीड ÷ (आरपीएम × बिटाच्या धारा). ३६०० फीड, १८००० आरपीएम, दोन धारा, तर ०.१ एमएम. यातले दोन आकडे अंदाजाने असतील तर बिट का जळतोय ते कधीच सापडणार नाही.

टप्पा ८: आता कापा

१०० एमएमचा एक चौकोन बाहेरून कापा आणि १०० चाच एक पॉकेट (चौकोनी खाच) आतून. बिटाचा खरा व्यास आधी व्हर्नियरने मोजा, ६ लिहिलेला बिट ५.९ निघतो. शेवटचा पास पातळ ठेवा, नाहीतर बिट वाकतो आणि आपण बिटाचं वाकणं मोजत बसतो.

बाहेरचा १००.१ आणि आतला ९९.९ आला तर मशीन बरोबर आहे, बिट सॉफ्टवेअरला सांगितलाय त्यापेक्षा बारीक. उलटं आलं, म्हणजे बाहेरचा लहान आणि पॉकेट मोठा, तर बिट जाड आहे किंवा डुगडुगतोय, कोलेट साफ करून डायलने रनआउट बघा. दोन्ही एकाच बाजूला चुकले, म्हणजे दोन्ही मोठे किंवा दोन्ही लहान, तरच टप्पा ४ वर परत जा.

सोबत ८० एमएमचा एक गोलही कापा आणि कडेवरून नख फिरवा. घड्याळातल्या १२, ३, ६, ९ च्या जागी बारीक पायरी किंवा सपाटपणा लागला तर बॅकलॅश अजून शिल्लक आहे, १२ आणि ६ ला असेल तर वाय मध्ये, ३ आणि ९ ला असेल तर एक्स मध्ये. गोल अंड्यासारखा आला तर एका अ‍ॅक्सिसच्या स्टेप्स चुकल्यात, आणि तो लांबोडका तिरका, कोपऱ्याच्या दिशेने असेल तर काटकोन सरकलाय.

बेल्ट, नट, कपलिंग किंवा ड्रायव्हर बदलला की टप्पा ३ पासून पुढे सगळं परत. मशीन उचलून दुसरीकडे ठेवलं असेल तर स्टेप्स तशाच राहतात, फक्त काटकोन आणि ट्रॅमिंग परत बघा.